न्झिमांचं फाटक

आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात नवी सिस्टर रुजू झाली की पहिल्या दिवशी तिला खुर्ची मिळत नाही. मुख्य सिस्टर बुपे चिबवे तिला बाजाराच्या टोकाशी नेऊन सोडतात आणि सांगतात, दिवस भरत आलेली एखादी बाई दवाखान्याकडे निघाली की तिच्या मागोमाग चालत ये, ती थांबेल तिथे थांब, वळेल तिथे वळ. पोरगी घामाघूम होऊन परत आली की विचारतात, "काय दिसलं?"

"रस्ता खराब आहे, सिस्टर."

"ते मला इथे बसूनही माहीत आहे. उद्या परत जा."

अख्ख्या लुआन्श्या शहरात या खोडीबद्दल बोललं जातं. काही जणींनी वरपर्यंत तक्रारी केल्या. पण ज्या वस्तीत एके काळी निम्मी बाळंतपणं घरात व्हायची, तिथे आज घरी बाळंत झालेली बाई शोधून सापडत नाही, त्यामुळे वरच्यांनी त्या तक्रारी खणात टाकून दिल्या.

ही खोड बाईंना जन्मापासून नव्हती. ती मलावीत लागली. नर्सिंग कॉलेजातून दरवर्षी सहा विद्यार्थी दोन महिन्यांसाठी सीमेपलीकडे जायचे. परक्या देशात राहा, तिथल्या लोकांच्या कामाला हात लावा, त्यातून शिका आणि परत या, अशी ती योजना. तिसऱ्या वर्षाच्या गटाची प्रमुख होती बुपे. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, त्यामुळे इथून पुढे तिला अहो-जाहो करायचं कारण नाही. प्रमुख तिलाच का केलं, तर तिचा आवाज मोठा होता आणि तिला कधीच काही शंका नसायची. कॉलेजात एवढ्या भांडवलावर माणूस बराच पुढे जातो.

घरी मात्र बुपेला एका गोष्टीची भयंकर लाज वाटायची, आणि ती म्हणजे तिची आई. बाना बुपे, म्हणजे बुपेची आई, बाजारात वाळवलेल्या अळ्या विकायची आणि वस्तीत कुणी न्गोनी माणूस गेला की टोपली तशीच टाकून त्याच्या घरी धावायची. जमातीने आम्ही बेंबा आणि ते न्गोनी. आजे-पणजे एकमेकांशी लढले, तेव्हापासून दोघांत थट्टेचं नातं लागलं. त्यांच्या घरी मयत झालं की आमच्यातल्या कुणीतरी जाऊन धिंगाणा घालायचा. मेलेल्याचा कोट घालून फिरायचं, त्याच्या चालीची नक्कल करायची, कबरीत उतरून आडवं व्हायचं आणि "जागा छान आहे, मी नाही उठत," म्हणायचं. रडून रडून थकलेली माणसं मग हसायला लागतात आणि जेवायला उठतात. या कामात बाना बुपेचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती कबरीतून मातीने माखून वर यायची तेव्हा शाळेचा गणवेश घातलेली बुपे गर्दीच्या मागे तोंड लपवून उभी असायची. कॉलेजात गेल्यावर तर तिने आईबरोबर मयताला जाणंच सोडून दिलं.

तर अशी ही बुपे, तक्ते आणि एक भोंगा घेऊन, उत्तर मलावीतल्या म्झिंबा भागात मुखिया न्झिमांच्या गावात जाऊन उतरली. काम ठरलेलं होतं. आधीच्या वर्षीच्या गटाने तिथे एक मुक्कामघर बांधवून घेतलं होतं. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे स्वयंपाकाचा ओटा. नदीपलीकडच्या पाड्यांवरच्या बायकांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, कारण डिसेंबरात नदी फुगली की बैलगाडी पलीकडेच अडकते आणि दवाखाना समोर दिसत असून उपयोगाचा नसतो. घराला जागा खुद्द मुखियांनी दिली होती, त्यांच्या गुरांच्या आवारासमोरची, गावातली सगळ्यात मानाची. वर्ष होऊन गेलं तरी त्या घरात एकही बाई राहायला आली नव्हती. शेळ्या तेवढ्या राहायच्या.

"अज्ञान," बुपेने निदान केलं. "समजावून सांगितलं पाहिजे."

तपासणीच्या दिवशी बायका जमल्या की ती भोंगा हातात घ्यायची. बायका शांतपणे ऐकायच्या, शेवटी टाळ्या वाजवून "येवो, येवो," असे आभार मानायच्या आणि आपापल्या पाड्यावर निघून जायच्या. घर कसं वाटलं विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, घर फार सुंदर आहे. तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात बुपेचा तोल गेला आणि ती भोंग्यातून ओरडली, "तुम्हाला तुमच्या पोटातल्या बाळांची काही काळजी आहे की नाही?"

पहिल्या रांगेत तोवेरा बसली होती. पंचविशीची, सडपातळ, नववा महिना लागलेला. तिची आधीची दोन बाळं नदीच्या त्या काठावर, बैलगाडीत गेली होती. ते वाक्य ऐकून तिने फक्त मान खाली घातली. तोवेराचं दुःख बुपेला दवाखान्याच्या दाईकडून दुसऱ्या दिवशी कळलं. "माझ्या तोंडून आयुष्यात इतकं घाण वाक्य निघालं नाही," असं बाई आजही म्हणतात, आणि ते खरंच आहे.

लाजेने म्हणा, हट्टाने म्हणा, बुपेने ठरवलं की निदान या एका बाईला तरी नदी फुगायच्या आत इथे आणून ठेवायचं. पुढच्या तपासणीला तिने तोवेराची माफी मागितली आणि म्हणाली, "चल, मी तुला खोली दाखवते. तुला आवडेल ती घे." दोघी निघाल्या. बुपे पुढे बोलत बोलत चाललेली. आवाराच्या फाटकासमोरून जाऊन ती घराच्या ओट्यापाशी पोचली, वळून बघते तर तोवेरा नाही.

वीस मिनिटांनी ती घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली सापडली. ओढ्यात उतरून, काटेरी रानातून वाकत, तेवढं पोट सांभाळत ती फिरून आली होती. पिंढऱ्यांवर ओरखडे उठले होते.

"अगं, समोरून दहा पावलं होती!"

"समोर मामंजी बसलेत," तोवेरा हळूच म्हणाली.

बुपेने भिंतीआडून डोकावून बघितलं. गुरांच्या आवाराच्या फाटकाशी नेहमीसारखे दहा-बारा म्हातारे आपापल्या बैठ्या स्टुलांवर बसलेले होते. गावचा न्यायनिवाडा तिथेच चालायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यात फाटकाला अगदी खेटून बसलेला ताठ म्हातारा म्हणजे येरेमिया शाबा, मुखियांचा सल्लागार आणि तोवेराचा सासरा. हे गाव न्गोनींचं, आणि न्गोनी सुनेने सासऱ्याच्या नजरेसमोर यायचं नसतं, त्याचं नाव घ्यायचं नसतं, आवाराच्या फाटकावरून तर कधीच जायचं नसतं. नवऱ्याच्या बापाच्या वयाचे ते सगळेच सासरे. मुक्कामघराचं दार बरोबर त्या फाटकावर उघडत होतं. म्हणजे इथे राहायला येणाऱ्या बाईने डझनभर सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत रांधायचं, धुवायचं, सुजलेले पाय घेऊन आत-बाहेर करायचं. त्यापेक्षा बैलगाडी परवडली, असंच कुणालाही वाटलं असतं. बुपे मट्कन ओट्यावर बसली. चार आठवडे ती कुणाला काय शिकवत होती, ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती जिच्या घरी उतरली होती त्या न्यागोंद्वे आजीला तिने संध्याकाळीच गाठलं. आजी शेंगा सोलत होती.

"आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"गावाला माहीत आहे."

"मग कुणी सांगितलं का नाही? मी उद्याच मुखियांकडे जाते."

"जा की. काय सांगशील? तुम्ही दिलेली जागा चुकली म्हणून?" आजीने शेंग मोडली. "त्याने आपली सगळ्यात चांगली जागा दिली, पोरी. दिलेल्या देणगीत त्याच्या तोंडावर खोट काढायची? मग तो विचारणार, तुला कुणी भरवलं? आणि तू बसशील मोटारीत. तोवेराने कुठे जायचं?"

बुपे आजीशेजारी बसून शेंगा सोलू लागली. नदीला पाणी यायला फार तर तीन आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात मुखियांचे थोरले काका वारले. नव्वदी गाठलेला माणूस, नातू-पणतू पाहिलेला. पाहुणे म्हणून सगळा गट दफनाला गेला. तिथे एका म्हाताऱ्याने सहज विचारलं, "पोरी, तू कुणाची?"

"चिबवे."

"चिबवे? म्हणजे बेंबा?"

"हो."

रांगेतून एकदम आरोळी उठली. "अरे, माकडखाऊ आली! लपवा रे, झाडावरची माकडं लपवा! चार आठवडे आमच्यात राहिली आणि पत्ता लागू दिला नाही!" रडून डोळे सुजलेली माणसं तिच्याकडे बघून दात काढू लागली. आजीने तिला कोपराने ढोसलं. "उभी काय राहिलीस? उत्तर दे. तुझं त्यांचं नातंच तसं आहे. आज तू काहीही बोललीस तरी कुणाला रागवायची मुभा नाही. रागावला तर त्यालाच दंड म्हणून कोंबडी कापावी लागते."

"काहीही?"

"काहीही. मुखियालासुद्धा."

त्या दिवशी बुपेने जेमतेम "उंदीरखाऊ" एवढा न्गोनींना चिडवायचा शब्दच परत फेकला. पण घरी आल्यावर तिला झोपडीत बसवेना. आपल्या आईने आयुष्यभर केलेलं ते काम, ज्याची आपण लाज बाळगली, तेच करायची वेळ आपल्यावर आली आहे, हे तिला कळून चुकलं होतं. भीतीही वाटत होती. गटातल्या बाकीच्यांना तिने सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "कॉलेजला कळलं तर?" बुपे म्हणाली, "कळू दे. तुम्ही फक्त मला एक मोठं मडकं आणून द्या."

तिसऱ्या दिवशी सुतक फिटायचं होतं. आवाराच्या फाटकापाशी सगळं गाव आणि पाडे जमले. पुरुष पुढे, बायका मयताच्या घराच्या कडेला, डोक्यावरून कापड घेऊन, पुरुषांकडे पाठ करून बसलेल्या. बुपे आली ती थेट मुखियांच्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसली.

"ए माकडखाऊ, ऊठ तिथून!" मुखिया न्झिमा लटक्या रागाने म्हणाले.

"थांबा हो. खाली उंदीर पुरून ठेवलेत का बघते. वास तर येतोय."

हशा उसळला. मग ती उठली, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडाखाली मडकं बांधलं, कापड डोक्यावरून ओढलं आणि पोट पुढे काढून, कमरेवर हात ठेवून चालायला लागली. चाल इतकी हुबेहूब होती की पाठमोऱ्या बायकाही कापडाआडून वळून बघू लागल्या. "अगं बाई, केवढं सुंदर घर!" ती हात जोडून मुक्कामघराकडे बघत म्हणाली. "जाते आत." दोन पावलं गेली, फाटकाशी बसलेले म्हातारे दिसले, आणि ती किंचाळून खाली बसली. "सासरा!" डावीकडे रांगली. "इथेही सासरा!" उजवीकडे वळली. "हे काय, सासऱ्यांचं पीक आलंय की काय यंदा!" म्हातारे मांड्यांवर थापा मारून हसत होते. बुपे रांगत रांगत काट्यांत शिरली, ओढ्यात उतरली, धापा टाकत पलीकडून वर आली. येरेमिया शाबांकडे बघून पुन्हा मागे पळाली. तिसऱ्या फेरीला ती वाटेतच बसली. पोट धरलं. आणि बांधलेलं मडकं सुटून तिच्या मांडीवरून घरंगळत गेलं, दगडावर आपटलं आणि फुटलं.

खापऱ्यांचा आवाज झाला तसं हसणं थांबलं. बुपेने एक मोठी खापरी उचलून कापडात गुंडाळली आणि ती छातीशी धरून बसून राहिली. नाटकात रडणं ठरलेलं नव्हतं. तिला आपोआप रडू फुटलं होतं.

 शेवटी मुखिया म्हणाले, "पोरी, ही थट्टा आहे की खरं?"

चार आठवड्यांपूर्वीच्या बुपेने इथे भोंगा मागवला असता. बारा मुद्दे तिला पाठ होते. पण ती एवढंच म्हणाली, "थट्टा माझी. खरं काय ते त्यांना विचारा," आणि बायकांकडे बोट दाखवून गप्प बसली. बाई सांगतात, ते गप्प बसणं मडकं फोडण्यापेक्षा कितीतरी कठीण गेलं.

आधी न्यागोंद्वे आजी उठली. "खरं आहे," म्हणाली. मग पाठमोऱ्या रांगेतून एक आवाज आला, कापरा पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. तोवेरा भिंतीकडे तोंड करूनच बोलत होती. "माझी दोन गेली. तिसऱ्याला मी इथे येऊन राहीन. मला सासऱ्यांचा मान मोडायचा नाही. पण मला मूल हवंय." तिच्यानंतर दुसरी बोलली, मग तिसरी. एकीनेही मान वळवली नाही आणि एकीनेही आवाज खाली केला नाही.

मुखियांनी येरेमिया शाबांकडे बघितलं. शाबा जमिनीकडे बघत होते. याच फाटकाशी पूर्वी त्यांचा बाप बसत असे, बापाचा बाप बसत असे. तिथून हलायचं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग तो ताठ म्हातारा उठला, आपलं स्टूल उचललं आणि आवाराला वळसा घालून पश्चिमेच्या अंगाला जाऊन बसला. त्याच्यामागे दुसरा गेला. थोड्या वेळाने फाटकाशी एकही म्हातारा उरला नाही.

"बसलेत बघा कसे," मुखिया म्हणाले. "आता फाटक त्यांच्यापाशी न्यायला हवं. माकडखाऊ, तू माझं आवार उलटं केलंस."

"उंदरांना बाहेर पडायला दोन वाटा लागतातच, मुखिया."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन लोटलं. जुन्या फाटकाच्या जागी जाड खांब ठोकून ते बुजवलं, पश्चिमेला नवं उघडलं, मुक्कामघरापुढे माणसाच्या उंचीचं गवताचं कूड उभं केलं. संध्याकाळी गुरं चरून आली ती सवयीने जुन्या जागी जाऊन हंबरत उभी राहिली; त्यांना वळवताना गुराख्यांची दमछाक झाली. बायका कुडाआड उभ्या राहून हसत होत्या. त्या आठवड्यातच तोवेरा बोचकं घेऊन आली आणि तिने कडेची खोली घेतली. नंतरच्या दहा दिवसांत चारही खोल्या भरल्या आणि शेळ्यांची सोय दुसरीकडे करावी लागली.

गावी परतल्यावर बुपे सगळ्यात आधी आईकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. बाना बुपेने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मडकं चांगलं होतं का गं?" पुढच्या न्गोनी मयताला वस्तीने मायलेकींना एकत्र धिंगाणा घालताना पाहिलं. नोकरीत बुपेबाईंना मोठमोठ्या सभांना बोलावतात, तिथे त्या सगळ्यात आधी दाराशी चहा देणाऱ्या बाईशी बोलतात. साहेबांना खरं सांगायचं असेल तर आधी स्वतःचं हसं करून घेतात. आणि ज्यांचं दुःख आहे त्यांची बोलायची वेळ आली की गप्प बसतात. एवढा मोठा आवाज असलेली बाई गप्प बसते, तेव्हा बाकीच्यांना बोलावंच लागतं.

पण तोवेराचं सांगायचं राहिलं. गट निघायच्या तीन दिवस आधी नदीला पाणी आलं. सकाळी पलीकडचे पाडे तुटले, आणि दुपारी तोवेराला कळा सुरू झाल्या. मुक्कामघरापासून दवाखान्यापर्यंतची चाळीस पावलं ती बुपेच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेली. बाळ आडवं नव्हतं, पण मोठं होतं. दाईने आणि बुपेने चार तास तिच्या बरोबरीने झुंज दिली. ऊन कलताना मुलगी झाली आणि तिने असा काही टाहो फोडला की आवारातल्या गाई वळून बघायला लागल्या. बुपे दवाखान्याच्या पायरीवर येऊन ढसाढसा रडली. आनंदाने माणूस इतका थकतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात पश्चिमेच्या बाजूने येरेमिया शाबा येताना दिसले. नदीमुळे ते अलीकडेच अडकले होते. त्यांच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता. गावात पुरुषाने डोक्यावर सरपण वाहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नव्या फाटकाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी लगेच तोंड सोडलं. "काय येरेमिया, बाई झालास की काय?"

"आजोबा झालो," शाबा म्हणाले. त्यांनी भारा कुडापाशी अलगद उतरवला, घाम पुसला आणि मागे वळले. "हसून झालं? मुखिया, पलीकडच्या खोलीत तुमची सून आहे. तिला काय गारठ्यात ठेवणार?"

हसणं एकदम बंद झालं.  मग न्झिमा स्टुलावरून उठले आणि कुऱ्हाड कुठे ठेवली आहे ते विचारू लागले.